पिशाच्चाला अटी हव्यात

स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’मधला (२००५) व्हॅम्पायर उन्हात चमकतो, यावरून तिची भरपूर टिंगल झाली. मला तो आक्षेपच कच्चा वाटतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. दिवसा त्याची शक्ती तेवढी उणावते. उन्हात विरून जाणारा व्हॅम्पायर आला तो मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या १९२२च्या मूकपटातून. वेअरवुल्फला चांदीचं मरण, त्याच्या चाव्याने होणारी लागण हे आज पक्के वाटणारे नियमही कर्ट सिओडमाकने लिहिलेल्या ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) या चित्रपटाने रूढ केले. नियम बदलण्याचा हक्क लेखकाला आहेच. मात्र नवा नियम त्या पात्राकडून काय वसूल करतो, हे विचारायलाच हवं.

मायरच्या एडवर्डकडून जवळजवळ काहीच वसूल होत नाही. रूप, ताकद, अमरत्व सगळं पदरात पडलेलं, आणि भूक प्राण्यांच्या रक्तावर भागते. त्याची तहान किती भयंकर आहे हे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. तिच्यापायी कधीही भरून न येणारं काही त्याच्या हातून आपल्यादेखत घडत नाही.

याच्याशेजारी जॉन आयविडे लिंडक्विस्टची स्वीडिश कथा ‘लेट द राइट वन इन’ ठेवून पाहावी. २००४ची कादंबरी, २००८चा चित्रपट. स्टॉकहोमच्या एका उपनगरात राहणारा, शाळेत मार खाणारा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली. आत ये म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, हा जुनाच नियम. पण टाकलंच तर काय होतं, हे लिंडक्विस्टने दाखवलं. चित्रपटात ऑस्कर तिला डिवचतो, हाताने नुसती खूण करतो, बोलत मात्र नाही. एली आत येते आणि उभी राहते. मग तिचं अंग थरथरू लागतं, डोळ्यांतून, कानांतून, केसांतून रक्त झिरपतं. ऑस्कर घाबरून ओरडतो, ये, आत ये, आणि तिला मिठी मारतो. एका अटीतून त्या दोन पोरांची सगळी मैत्री कळते. ॲन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मधली (१९७६) क्लॉडियाही याच जातीची: मन बाईचं होत जातं, देह कायम लहान मुलीचाच. राइसमागून आलेल्यांनी तिच्या नायकाचा, लुईचा, देखणा विषाद उचलला. क्लॉडियाला हात लावायची हिंमत फार थोड्यांना झाली.

वेअरवुल्फच्या नशिबी ‘ड्रॅक्युला’च्या तोडीचा ग्रंथ आला नाही. त्याचं दुःखही वेगळं. व्हॅम्पायर सावज निवडतो. याच्या हातात निवड नसते, वर सकाळी माणूस म्हणून जाग येते. ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये (१९८१) डेव्हिडचं रूपांतर दिव्यांच्या लख्ख उजेडात होतं. स्वतःचा पंजा लांबत चाललेला तो स्वतः बघतो आणि किंचाळतो. रिक बेकरच्या त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं ते योग्यच, पण मला जास्त मोलाचा वाटतो तो मेलेला मित्र जॅक. तो दर भेटीत अधिक कुजलेला असतो आणि डेव्हिडला एकच सांगत राहतो, तू मर. आता संगणकाच्या करामतीने माणूस उडी मारतो नि लांडगा होऊन खाली येतो. वेदना गेली, तिच्याबरोबर दुसरी सकाळही गेली.

मराठीत नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’च्या (१९७५) आधारे ‘लुचाई’ लिहिली. किंगच्या कादंबरीत फादर कॅलाहनच्या हातातला क्रूस तेजाने उजळलेला असतो. व्हॅम्पायर त्याला क्रूस टाकून नुसत्या श्रद्धेवर उभं राहायचं आव्हान देतो. फादरला ते जमत नाही आणि क्रूस विझतो. आपल्या भयकथांत अंगारा फार स्वस्तात लागू पडतो. रामरक्षा म्हणणाऱ्याचा विश्वास चौथ्या-पाचव्या श्लोकाला डळमळला आणि उंबऱ्याबाहेरचा तो एक पाऊल पुढे आला, अशी कथा मराठीत कुणीतरी लिहावी.