‘मायम्मा’ मराठीत कशी आणावी?

दक्षिणेकडील तेलुगू भक्तिगीते मराठीत आणू पाहणाऱ्याला दोन वाटा फार सोप्या वाटतात. इंग्रजी भाषांतर पुढ्यात घेऊन चालावे, नाही तर अडेल तेथे एखादा संस्कृत शब्द ठोकून द्यावा. दोन्ही वाटांनी गाण्यातले घरगुतीपण आधी मरते.

एकच शब्द घ्या : ‘मायम्मा’. तंजावरच्या बंगारु कामाक्षीचे पुजारी श्यामाशास्त्री (1762–1827) देवीला या शब्दाने हाक मारतात, आणि त्यागराज (1767–1847) सीतेविषयी तोच शब्द योजतात. मराठी कानाला त्यात चटकन ‘माया’ ऐकू येते. देवी म्हटल्यावर महामायाही आठवते आणि अनुवादक खूश होतो. तशी फोड व्याकरणात बसतेही. पण सरळ फोड आहे ‘मा’ आणि ‘अम्मा’. मधला ‘य’ केवळ जिभेच्या सोयीचा. ‘मा’ म्हणजे आमची. येथे इंग्रजी भाषांतरकार अडतो : माझी म्हणावे की आमची? तेलुगू माणूस स्वतःच्या आईला ‘आमची आई’च म्हणतो. आणि आपल्या शाळेतली पोरे तरी काय म्हणतात? ‘गुरुजी, आमची आई रागावेल!’ शिवाय ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून ‘मा’ आणि आत घेऊन ‘मन’, हा तेलुगूतला भेद आपल्या ‘आमची’ आणि ‘आपली’मध्ये तंतोतंत आहे. इंग्रजीला तो नाही. मग ‘हे जगज्जननी’ असे भरजरी लुगडे त्या माउलीला कशाला नेसवावे? ‘आमची माय’ म्हणावे. आईही आली, आणि मायेचा तो चुकार सूरही कानाआड झाला नाही.

सगळीकडे असे दैव उघडत नाही. सतराव्या शतकातील क्षेत्रय्याच्या पदांत ‘मुव्वगोपाल’ ही मुद्रिका येते. मुव्वा हे आंध्रातले गाव, आणि ‘मुव्व’ म्हणजे घुंगरूही. ‘घुंगरवाळा गोपाळ’ लिहिले की गाव पुसले जाते. ‘मुव्व्याचा गोपाळ’ लिहिले की नाद थांबतो. तेथे नाव तसेच ठेवावे, हे बरे.

खरी परीक्षा ‘त्यागराजनुत’ या मुद्रिकेची. त्यागराजाने स्तविलेला, म्हणजे राम. पण कोणता त्यागराज? तिरुवारूरच्या शिवाचे नाव त्यागराज, आणि कवीचे नाव त्याच्यावरूनच पडलेले. (आपल्या तंजावरच्या शहाजीराजांनीही याच देवावर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ रचले होते.) रामाला कवी स्तवतो की साक्षात शिव? मूळ गाणे सांगत नाही. आपला सुशिक्षित अनुवादक मात्र आदराने ‘त्यागराजांनी’ लिहितो. आता कोणता कवी स्वतःला आदरार्थी बहुवचन लावील? त्या एका अनुस्वाराने कवी आपल्याच गाण्यातून उठून बाहेर जातो. ‘त्यागराजाने’ लिहावे; त्यात दोघेही मावतात.