खेळ, बोली आणि अंगणवाडी : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत ‘खेळातून शिक्षण’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यातील खेळ नेमका कोणाचा, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आदी समाजांतील बालक तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत येते, तेव्हा घरच्या बोलीत ते मागते, भांडते, गोष्ट सांगते. येथे त्याच्यापुढे येणारा ‘खेळ’ बहुधा प्रमाण मराठीतील बडबडगीताचा असतो. सेविकेने ओळ म्हणावयाची आणि मुलांनी ती हावभावांसह पुन्हा म्हणावयाची, यास कृतियुक्त पाठांतर म्हणता येईल. खेळ म्हणणे कठीण आहे.

लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मधील आपल्या व्याख्यानात खेळाची जी मीमांसा केली, ती येथे उद्बोधक ठरते. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ सुटा करते, आणि भाषेच्या विकासाला हीच क्रिया पायाभूत असते. पावसाळ्यात चिखलात काड्या रोवून ‘आवणी’ खेळणाऱ्या मुलांचा विचार करावा. कोणती काडी रोप, कोण मालक, कोण मजूर, भाकरी कोणी आणावयाची, हे सारे बोलून ठरवावे लागते. आज्ञा, विनंती, अट, नकार, कारण असे वाक्यांचे नाना प्रकार त्यात सहज येतात. पाठ केलेल्या गीतात यांपैकी काहीही मुलाला स्वतः रचावे लागत नाही.

याच भूभागात या प्रश्नाचा विचार पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात, गुरे राखणाऱ्यांच्या कुरणात न्यावी, हा विचार तेथे आकारास आला. माँटेसरींना स्वतःला कल्पनाखेळाविषयी फारशी आस्था नव्हती; गिजुभाई बधेका यांनी गोष्ट आणि नाट्य यांना स्थान देऊन ही उणीव पुष्कळशी भरून काढली. परंतु १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगण हे नाव राहिले आणि अंगणातील मोकळीक मागे पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावल्यानंतर या परिसरात अंगणवाडीची ओळख वजनकाटा आणि आहार यांच्याशी जोडली गेली. ते अपरिहार्यच होते. उपाशी मूल खेळत नाही.

भाषिक दरीचा दोष सेविकेवर टाकणे मात्र योग्य नव्हे. ती स्थानिक असते आणि अनेकदा मुलांचीच बोली बोलते. जेवू घालताना, रागे भरताना, समजूत घालताना ती बोली तिच्या तोंडी येते; ‘शिकविण्याची’ वेळ झाली की ती मिटते. शिक्षण म्हणजे प्रमाण भाषा, हे समीकरण तिलाही शाळेनेच दिलेले आहे. पालकांचा आग्रह तर बोलीच्या विरोधातच असतो, आणि पुढील शाळेचा अनुभव पाहता तो अनाठायी म्हणता येणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत स्तरावर खेळ आणि मातृभाषा या दोहोंचा पुरस्कार केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच प्रसिद्ध केला. पेटी पोहोचविणे सोपे. पेटीभोवती मुले आपसांत जे बोलतात त्यास अध्यापनाचा भाग मानणे अवघड. शिवाय दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे ओल्या मातीची भाकरी थापणाऱ्या मुलांपाशी खेळही असतो आणि बोलीही. नसते ती अंगणवाडी.