२६ टक्के की दहा हजारांत ८? ट्रायलचा निकाल वाचण्याबद्दल थोडं

क्लिनिकल ट्रायलचा पेपर हातात आला की आपण बहुतेक जण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचतो आणि थेट पी-व्हॅल्यूकडे जातो. जर्नल क्लबमध्ये तेवढ्यावर निभावतंही. पण निकाल मांडायच्या पद्धतीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आज बघू.

जुलै २००२. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा पेपर 'जामा'मध्ये आला. पाळी गेलेल्या आणि गर्भाशय काढलेलं नसलेल्या १६,६०८ स्त्रिया. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, दुसऱ्याला प्लासिबो. फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला म्हणून ट्रायल सरासरी ५.२ वर्षांनीच थांबवली. बातम्यांत एक आकडा गाजला: स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, डॉक्टरही लिहून द्यायला कचरू लागले.

आता हे २६ टक्के आले कुठून? प्लासिबो गटात वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे ३० जणींना हा कर्करोग झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. म्हणजे ८ जणी जास्त. दोन्ही आकडे एकाच निकालाचे आणि दोन्ही खरे. पण '२६ टक्के' ऐकून बाई घाबरते, आणि 'दहा हजारांत ८' ऐकून ती विचार करू शकते, स्वतःचा त्रास आणि धोका तोलून बघू शकते.

इथे लेखकांवर अन्याय नको. ८ हा आकडा त्यांनी लपवला नव्हता, तो अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येच आहे. सोबत पक्षाघाताचे ८ जास्त आणि मांडीचं हाड मोडण्याचे ५ कमी, हेही आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पेपरच्या शीर्षकात 'पाळी गेलेल्या निरोगी स्त्रिया' एवढंच म्हटलंय. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये वय ५० ते ७९. प्रत्यक्षात सरासरी वय ६३ च्या आसपास, आणि पन्नाशीतल्या बायका जेमतेम एक तृतीयांश. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोपमोड होते म्हणून डॉक्टरकडे जाणारी बाई साधारण पन्नाशीच्या आसपासची असते. शिवाय या ट्रायलचा प्रश्न त्रास कमी होतो का हा नव्हताच. दीर्घकालीन आजार टळतात का, हा होता. उत्तर एका प्रश्नाचं होतं, लावलं गेलं दुसऱ्याच प्रश्नाला.

२००३ मध्ये त्याच ट्रायलचा जीवनमानावरचा पेपर आला. निष्कर्ष: लक्षणीय फायदा नाही. पण त्यातल्या बहुतेक जणींना मुळात फारसा त्रासच नव्हता! तहान नसलेल्याला पाणी देऊन 'किती बरं वाटलं?' विचारण्यासारखं झालं हे. ५० ते ५४ वयाच्या, मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र वाफा कमी झाल्या, झोपही थोडी सुधारली. हा तपशील मथळ्यात कुठून येणार?

उलट बाजूचं चांगलं उदाहरणही आहे. २०११ मध्ये 'जामा'तच एसिटालोप्राम या औषधाची २०५ स्त्रियांवरची ट्रायल आली. सुरुवातीला दिवसाला सरासरी ९.८ वेळा वाफा यायच्या. आठ आठवड्यांनी औषधाच्या गटात ४.६ ने कमी झाल्या, प्लासिबोच्या गटात ३.२ ने. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा दिवसाला १.४. नुसतं 'त्रास जवळपास निम्मा झाला' असं लिहिलं असतं तरी ते खोटं नव्हतं, पण दिशाभूल नक्की झाली असती. रजोनिवृत्तीच्या ट्रायलमध्ये प्लासिबोनेही बराच फरक पडतो, म्हणून प्लासिबोचा आकडा शेजारी नसेल तर औषधाच्या आकड्याला अर्थ नाही.

मग नियम नाहीत का? आहेत की. कन्सॉर्ट ही यादी १९९६ पासून आहे, २००१, २०१० आणि २०२५ मध्ये सुधारली गेली. २०१० च्या यादीत २५ मुद्दे. 'झालं की नाही' प्रकारच्या निकालांसाठी सापेक्ष आणि निव्वळ, दोन्ही आकडे द्या असं ती सांगते. निष्कर्ष कुणाला लागू पडतात, हाही स्वतंत्र मुद्दा आहे. पण शीर्षकाबाबत तिची अट एकच: ट्रायल रँडमाइज्ड असल्याचं कळू द्या. माणसं कोण, हे शीर्षकात यायलाच हवं असं नाही. आणि आपण यादी भरतो कशी? समोर पान क्रमांक टाकायचा, झालं. माहिती पेपरमध्ये आहे का, एवढं यादी बघते. ती वाचणाऱ्यापर्यंत पोचली का, ते आपणच बघायचं.

मोजायचं काय, यावरही आता बरंच एकमत झालंय. वाफा येण्याच्या त्रासासाठी २०२१ मध्ये सहा गोष्टींचा किमान संच ठरला: किती वेळा येतात, किती तीव्र, रोजच्या जगण्यात किती आड येतात, झोपेवर परिणाम, उपचाराबद्दल समाधान आणि दुष्परिणाम. या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असाल तर नवी प्रश्नावली बनवण्याआधी हा संच बघा.

आणि कुठलीही ट्रायल वाचताना वहीत चार ओळी लिहा. माणसं कोण होती? प्रश्न कोणता होता? दर शंभरात किंवा हजारात फरक किती? आणि आधी नोंदवलेला मुख्य निकाल तोच छापलाय का? भारतातल्या ट्रायलसाठी हे शेवटचं सीटीआरआयवर फुकट तपासता येतं. एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच नोंदणी करणं बंधनकारक आहे. या चार ओळी भरल्याशिवाय पी-व्हॅल्यूकडे जाऊ नका.