गुणांचा रकाना

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एक शीट तयार केली. रोज एक अल्बम ऐकायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काही न गाळता, क्रम न बदलता. रात्री त्यावर चार-पाच ओळी लिहायच्या. रकाने सहा: नाव, कलाकार, साल, लांबी, शेरा आणि दहापैकी गुण. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला छंदसुद्धा तक्त्यात मांडल्याशिवाय चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

निमित्त होतं एका जाडजूड पुस्तकाचं. मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत अशा १००१ अल्बमांची यादी देणारं रॉबर्ट डिमरी यांनी संपादित केलेलं हे पुस्तक २००५ साली पहिल्यांदा आलं. त्यात भारतीय नावं बोटांवर मोजण्याइतकी, मराठी तर नाहीच. म्हणून मी त्या यादीत माझी भर घातली. आपल्या परीनं न्याय केल्याचं समाधान तेव्हा वाटलं होतं. तो न्याय कितपत होता, हे सांगण्यासाठीच हा लेख.

ऐकायला जागा होती ती बसची. मी संभाजीनगरला, सिडकोत घरीच राहून काम करतो आणि पंधरा दिवसांतून एकदा पुण्याच्या ऑफिसात हजेरी लावतो. पाच-सहा तासांचा प्रवास म्हणजे पाच-सहा अल्बम. वाळूज मागे पडलं की पहिला सुरू, कायगावला गोदावरीचा पूल येईस्तोवर तो संपलेला. नेवासा फाट्यापासून नगरपर्यंत दुसरा. त्यामुळे काही अल्बम माझ्या डोक्यात गावांच्या नावांनीच बसलेत. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' म्हणजे माझ्यासाठी घोडेगाव.

तिथूनच सुरुवात करतो. हा अल्बम १९५९ सालचा. न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला. ट्रम्पेटवर स्वतः डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली, पियानोवर बहुतेक ठिकाणी बिल इव्हान्स. जॅझ माझ्या कानाला सवयीचं नव्हतं. त्यात सतत कोणीतरी घाईत आहे, असं मला वाटायचं. इथे मात्र कुणालाच घाई नव्हती. नंतर वाचून कळलं की तोवरच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत, वादकाला त्यांच्यामागे धावावं लागे. डेव्हिसनं ती धावपळ काढून टाकली, एकेक स्वरसप्तक हातात दिलं आणि म्हटलं, यात रमा. हे वाचताच मला हसू आलं, कारण रमायचं म्हणजे काय ते आमच्या घरच्या रेडिओनं मला आधीच शिकवलं होतं.

म्हणून परतीच्या बसमध्ये किशोरी आमोणकरांचा भूप लावला. पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मैफलीत तास-दीड तास चालणारा राग तबकडीच्या एका बाजूत, वीस-बावीस मिनिटांच्या आसपास बसवायचा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर तर तीन-साडेतीन मिनिटांतच आटपावं लागे. या मर्यादेला शरण जाऊन केलेली तडजोड म्हणून मी ते ऐकायला बसलो होतो. पण बाईंनी रागाचा सारांश सांगितलेला नाही. त्यांनी फक्त दाराशी रेंगाळणं कमी केलं आहे. आत गेल्यावरचा सावकाशपणा तसाच ठेवला आहे. गंधारावर त्या थांबतात तेव्हा आपल्यालाही थांबावं लागतं. शिरूर कधी गेलं ते कळलं नाही. डेव्हिसला नऊ दिले होते, बाईंना दहा दिले. दोन्ही शेऱ्यांत एकच वाक्य होतं: 'कमी सामानात संसार.'

'कॉल ऑफ द व्हॅली'ला आठ. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही एल.पी. एचएमव्हीसाठी घडवली गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी यांनी. मराठी भावगीत रेकॉर्डवर आणणाऱ्या पहिल्या काही गायकांपैकी ते एक. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस सांगायचा, आणि तोही एकही शब्द न वापरता. मग कथा पुढे न्यायची कशी? त्यांनी रागांच्या वेळांवर भिस्त ठेवली. अहिर भैरवानं उजाडतं, पहाडीपर्यंत रात्र होते. एक हजार किलोमीटरहून दूरच्या दरीची गोष्ट सांगायला त्यांनी आपल्या कानांतलं घड्याळ वापरलं. दोन गुण कापले ते चित्रातल्या अति नीटनेटकेपणासाठी. त्या दरीत कुणाची मेंढी हरवत नाही.

'शिवकल्याण राजा'वर माझं आणि बाबांचं भांडण झालं. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालातला हा अल्बम. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. बाबांच्या मते यात उणं काढणं म्हणजे पाप. माझं म्हणणं एवढंच, की बराच वेळ सगळं एकाच उंचीवर राहतं. छाती सतत फुगवून ठेवली तर श्वास घेणार कधी? याला मोठा अपवाद म्हणजे कुसुमाग्रजांच्या शब्दांतला जखमी बाजीप्रभू. तिथे चाल वळसे घेते, आवाज थकतो, आणि पराक्रमाची किंमत पहिल्यांदाच ऐकू येते. त्या एका गाण्यासाठी मी हा अल्बम पुन्हा ऐकेन. सात दिले. बाबा दोन दिवस शीटबद्दल काही बोलले नाहीत.

'गारवा' १९९८ सालचा, साधारण माझ्याच वयाचा. मिलिंद इंगळेंचा आवाज आणि चाली, सौमित्रच्या कविता, गाण्याआधी सौमित्रच्याच आवाजातलं वाचन. कॉलेजात असताना पहिल्या पावसाला हे लावायची प्रथाच होती. यंदा पूर्ण ऐकला तेव्हा एक गोष्ट खटकली. यातला पाऊस ठरल्यासारखा येतो. तो येणारच आहे. प्रश्न फक्त ती येणार का, एवढाच. आमच्याकडे उलट असतं. नळाला आठवड्यानं पाणी येतं, आभाळ भरून येतं आणि तसंच पुढे निघून जातं. इथे पावसाची वाट पाहताना कुणाला मुलगी आठवत नाही, टाकी आठवते. हा काही अल्बमचा दोष नाही. पण इतकी वर्षं मुंबईचा पाऊस मी स्वतःचा समजून ऐकत होतो, हे मात्र खरं. सहा.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. अभियांत्रिकीच्या होस्टेलवर हा आमचा धर्मग्रंथ होता. काळ, पैसा, वेड असे त्याचे विषय; परीक्षेच्या आदल्या रात्री तिन्ही लागू. आज ऐकताना शब्द थोडे पोरकट वाटले, पण एक जागा अजून अंगावर येते. पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई शब्दांवाचून गाते. ती विव्हळते, चढते, मग थकून शांत होते. क्लेअर टोरी हे तिचं नाव. त्या गाण्याचे तिला तीस पौंड मिळाले होते. तिनं पुढे दावा लावला, तडजोड झाली आणि २००५नंतर त्या रचनेवर तिचंही नाव आलं. बत्तीस वर्षं लाखो लोकांनी ते गाणं डोळे मिटून ऐकलं आणि ते कुणाचं हे विचारलं नाही. विचारलं नाही त्यांत मीही होतो. शेऱ्यात मी जरा रागानंच लिहिलं: 'श्रेय द्यायला इतका उशीर?'

आणि दहापैकी दहा मिळवणारा दुसरा अल्बम: केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय', २०१५. हा मी होस्टेलवर शब्द समोर ठेवून, ओळ न् ओळ अडत अभ्यासला होता. एक कविता अल्बमभर पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी पुढे सरकते आणि शेवटी कळतं की ती एका मेलेल्या गायकाला वाचून दाखवली जाते आहे. जॅझ, फंक, उपहास, स्वतःचीच शरम. अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस आपल्याच यशाकडे संशयानं पाहतो. कुठल्या शब्दाला कोणता इतिहास चिकटला आहे, हे समजावं म्हणून मी कितीतरी रात्री जागलो. शेरा सगळ्यांत लांब होता.

मग १४ जानेवारी आला.

या शहरात राहणाऱ्याला ही तारीख फक्त संक्रांत म्हणून टाळता येत नाही. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळल्या. नामविस्तार व्हायला १९९४चा १४ जानेवारी उजाडला. तेव्हापासून दर वर्षी विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. आमच्या घरी या दिवसाबद्दल एकच वाक्य बोललं जाई: 'आज तिकडून जाऊ नको, ट्रॅफिक असतं.' यंदा शाळेतल्या एका मित्रानं बोलावलं म्हणून गेलो. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, स्टेजमागे स्टेज, आणि प्रत्येक स्टेजवर गाणी. मित्र चालता चालता ओठ हलवत होता. त्याला सगळी पाठ होती, मला एकही नाही. ही गाणी मी जन्मापासून ऐकत आलोय. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ती यायची आणि आम्ही खिडकी लावायचो.

घरी येऊन शीट उघडली. दोनशेच्या आसपास ओळी भरल्या होत्या. कॉम्प्टनच्या पोराचे शब्द मी शब्दकोश घेऊन वाचले होते; माझ्याच भाषेत, माझ्याच शहरात, खिडकीपलीकडे गायलेल्या गाण्यांची एकही ओळ माझ्या तक्त्यात नव्हती. ती चांगली की वाईट, हा प्रश्नच मी कधी येऊ दिला नव्हता. तो आवाज आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. संगीत म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मित्राच्या आईकडे कॅसेटींचा एक डबा होता. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ सालचं पुस्तक सांगतं की ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. ज्यांच्यासाठी कुणी एल.पी. काढली नसती, त्यांची गाणी बाजारात आली. ते वाचून कळलं होतंच, पण डबा उघडल्यावर ते हातात आलं. पहिलीच कॅसेट लावली आणि मी चमकलो. हा आवाज आमच्या घरातला होता! प्रल्हाद शिंदे. आषाढीला आईच्या टेपवर विठ्ठलाला हाक मारणारा तोच उघडा, टिपेचा, गळा न आवळता लागणारा सूर. आमच्याकडे तो पंढरपूरचा होता, यांच्याकडे दीक्षाभूमीचा. एकाच गळ्याच्या दोन कॅसेटी एकाच शहरातल्या दोन घरांत तीस वर्षं वाजल्या, आणि आमच्या घरातल्या कुणाला दुसरी ठाऊक नव्हती. मित्राच्या आईला मात्र दोन्ही ठाऊक होत्या. 'तुमच्याकडची पण येते की आम्हाला,' त्या म्हणाल्या.

आता समीक्षा म्हणून लिहायचं तर असं: या गाण्यांत कव्वालीचा ठेका आहे, मागे कोरस आहे, ढोलकी आणि बेंजो आहे. ध्वनिमुद्रण अनेकदा घाईचं, बेंजो कधी कधी आवाजावर चढतो. काही चाली सरळ सिनेमाच्या उचललेल्या. सगळी गाणी सारखी चांगली नाहीत. पण उत्तम आहेत त्यांत गायक ऐकणाऱ्याला एकटं सोडत नाही. ध्रुवपद कोरस परत घेतो, म्हणजे ऐकणारा त्यात धरलेलाच असतो. 'काइंड ऑफ ब्लू' एकट्यानं बसमध्ये ऐकता येतो. ही कॅसेट हेडफोनवर ऐकली तेव्हा ती अर्धीच ऐकू आली. उरलेला अर्धा भाग त्या स्वयंपाकघरात, मित्राच्या आईच्या गुणगुणण्यात होता.

रात्री शीटमध्ये नोंद करायला घेतली. नाव: लेबल फाटलेलं. साल: छापलेलं नाही. गीतकार: रकाना रिकामा. अ‍ॅपवर शोधलं तर तिथेही नुसतं गायकाचं नाव. क्लेअर टोरीसाठी रागावलेला मी आता काय करणार होतो? मग पुन्हा कॅसेट लावली आणि शेवटच्या कडव्याकडे नीट कान दिला. तिथे नाव होतं. वामन. वामनदादा कर्डकांची नाममुद्रा, तुकोबांच्या अभंगात तुकोबांची असते तशी, ओळीतच विणलेली. लेबल फाटेल, कंपनी नाव गाळेल, हे जणू आधीच ठाऊक असल्यासारखी. ती काढायची तर गाणंच मोडावं लागेल. गाणारा दर वेळी कवीचं श्रेय देतो, आणि मागून कोरसही देतो.

गीतकाराच्या रकान्यात नाव लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: 'मित्राच्या घरी ऐकला. परत जाणे.' गुणांचा रकाना मात्र तसाच राहू दिला. ज्याची परीक्षा घ्यायलाच मी अठ्ठावीस वर्षं उशिरा आलो, त्याला मी कशाचे गुण देणार? एप्रिल आला की खिडकी उघडी ठेवायची, एवढं तूर्त ठरवलं आहे. आईला सांगितलंय. ती म्हणाली, 'धूळ येते.' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'प्रल्हाद शिंदेच का रे तो? मला वाटायचंच.'