सातवी एन्ट्री

रहस्यपट बघताना माझी एक अडचण होते. बाकीचे लोक खुनी कोण म्हणून डोकं खाजवत असतात आणि मला पडद्यावर हिशोब दिसत राहतो. दंतवैद्याला माणूस भेटला की आधी त्याचे दात दिसतात, तसंच हे. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यावर दुसरं काय होणार?

परवा रात्री ‘सेव्हन’ पुन्हा पाहिला. डेव्हिड फिंचरचा, १९९५ सालचा. त्याच्या जाहिरातीत नाव लिहितानाच अक्षरांच्या मधे ७ चा आकडा घुसवलेला आहे. अक्षरात आणि अंकात अशी सरमिसळ करून कुणी चेक लिहिला असता तर मी तो हसतमुखाने परत केला असता. पण सिनेमा असल्यामुळे चालवून घेतलं.

नाव नसलेलं एक अमेरिकन शहर. पाऊस असा की सौ. म्हणाली, ‘‘यांचे कपडे वाळतात तरी कुठे?’’ सॉमरसेट (मॉर्गन फ्रीमन) नावाच्या डिटेक्टिव्हच्या निवृत्तीला उरलेत सात दिवस. त्याची जागा घ्यायला आलेला मिल्स (ब्रॅड पिट) तरुण, तापट आणि सतत तोंड चालू. आणि जॉन डो (केव्हिन स्पेसी) नावाचा खुनी. जॉन डो म्हणजे तिकडचा ‘अमुकतमुक’. हा गृहस्थ ख्रिस्ती धर्मातल्या सात महापापांच्या यादीप्रमाणे एकेक माणूस मारत सुटलाय.

आता आपले रिपू सहा आणि त्यांची पापं सात. फरक दिसला की शोधायचा, ही आमची सवय. सौ. ‘‘पिक्चर बघा!’’ म्हणत असताना मी टॅली मारली. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच जुळले. आपल्याकडे मोह जास्त निघाला. त्यांच्याकडे खादाडपणा आणि आळस. म्हणजे खाणं आणि लोळणं हे आपल्या यादीत दोष म्हणून धरलेलेच नाहीत! पूर्वजांविषयी आदर दुणावला.

पण या डोचं दप्तर बघून मात्र मी चरकलो. घरात दोन हजार वह्या, प्रत्येकी अडीचशे पानं, सगळ्या हाताने लिहिलेल्या. आळशी म्हणून निवडलेल्या एका माणसाला त्याने वर्षभर खाटेला जखडून ठेवलंय, फोटो तारीखवार काढलेत, आणि त्या खोलीचं भाडं दर महिन्याला न चुकता भरलंय. घरमालक म्हणतो, असा भाडेकरू होणे नाही. कर्जवसुली खात्यात काम केलेल्या माणसाने अशा ग्राहकाला काय म्हणावं? खातं उत्तम, माणूस राक्षस. व्यवस्थितपणा हा गुण आहे असं आम्हाला नोकरीभर शिकवलं. कशासाठी व्यवस्थित, हे शिकवायचं राहिलंच.

आणि या सिनेमाची खरी करामत वेगळीच आहे. पाच पापांचा हिशोब होतो, पण त्यातला एकही गुन्हा आपल्याला होताना दिसत नाही. आपण पोचतो ते पंचनाम्याला. मग पाठलाग, गोळीबार होऊन खुनी सापडेल म्हणून आपण सरसावून बसतो, तर तो टॅक्सीतून उतरून स्वतःच पोलीस ठाण्यात हजर! पाच एन्ट्र्या झालेल्या, दोन बाकी, आणि पार्टी स्वतः काउंटरवर. तिथे माझ्या पोटात गोळा आला. कारण शेवटच्या व्हाउचरवर सही त्याची नसते, ती त्याला दुसऱ्याकडून हवी असते. कोणत्या माणसाचा राग कुठे ठेवलाय हे त्याने हेरलंय. त्याचं खरं हत्यार तेच. सुरी नव्हे, दुसऱ्याचा राग.

शेवटी रखरखीत उन्हात एक खोकं येतं. त्यात काय, ते मी सांगणार नाही. दिग्दर्शकानेही उघडून दाखवलेलं नाही. म्हातारा सॉमरसेट धावत येतो आणि मिल्सला विनवतो, पिस्तूल टाक, हे केलंस तर तो जिंकला. सही झाली की नाही, तुम्हीच बघा.

दोष नाहीत असं नाही. डोची योजना आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकासारखी आहे : कागदावर बिनचूक, आणि सगळ्यांनी अगदी ठरल्याप्रमाणे वागलं तरच चालणारी. सौ.ची तक्रार निराळी. मिल्सच्या बायकोचं काम चारदोन प्रसंगांचं. ‘‘तिचं दुःख कुणी ऐकलं तरी का? तिला नुसती हिशोबात धरली!’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक सभ्य दिसणारे गृहस्थ काउंटरवर आले. आवाज मऊ, हातातला मोबाईल माझ्यावर रोखलेला. माझी अक्कल, माझा पगार, माझे वडील, सगळं हळूहळू काढत होते. ‘‘ओरडा ना साहेब, ओरडा,’’ असं गोड हसून म्हणाले. मी खुर्ची मागे सारून उठलो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला तीन महिने राहिलेले आमचे काका आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘अरे, चहा गार होतोय. बस.’’

मी बसलो. चहा आलेलाच नव्हता.

काका निवृत्त झाले. परवा सिनेमा संपल्यावर रात्री साडेअकराला त्यांना फोन लावला. दचकून म्हणाले, ‘‘काय रे, कॅश टॅली होत नाही का?’’

म्हटलं, ‘‘झाली, काका. तेच सांगायला केला.’’