सहा पानांतला एक शब्द

साहित्याच्या पानावर एका तांत्रिक दस्तऐवजाचं परीक्षण कशाला, असं वाटू शकतं. पण ‘आरएफसी ७२५८’ची सगळी भिस्त एका शब्दाच्या निवडीवर आहे, आणि शब्दांची निवड हा तर आपला प्रांत.

इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या मालिकेत लिहिले जातात तिचं नाव आरएफसी. १९६९पासून ती चालू आहे. वाचायला अगदी रुक्ष. मे २०१४मध्ये आयईटीएफ या अभियंत्यांच्या संघटनेनं तिच्यात ही सहा पानं घातली. लेखक स्टीफन फॅरेल आणि हानेस चोफेनिग. शीर्षकातच निकाल देऊन टाकलाय: सरसकट पाळत हा हल्ला आहे. वर्षभरापूर्वीच एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं बाहेर आणली होती. मजकुरात मात्र ना स्नोडेन, ना कुठलं सरकार.

‘हल्ला’ म्हटलं की आपल्याला वैरी दिसतो, त्याचा हेतू दिसतो. इथे लेखक हेतूच बाजूला काढतात. दोघांच्या संवादात, त्यांच्या संमतीशिवाय, त्यांच्या इराद्याला छेद देणारी कृती म्हणजे हल्ला. मग करणारं सरकार असो, कंपनी असो की चोर. ‘देशाच्या सुरक्षेसाठी केलं तर?’ हा प्रश्न इथे लागूच होत नाही. नियम लिहिणाऱ्याला फक्त हल्ला थोपवायचा असतो. निषेधाचं पत्रक लिहिलं असतं तर ते आठवडाभरात विसरलं गेलं असतं. राग गिळून लिहिल्यामुळे हा मजकूर टिकला.

त्यानंतरच्या वर्षांत वारं त्याच दिशेला वाहिलं. २०१५च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ सर्वांसाठी खुलं झालं आणि वेबसाइटला कुलूप लावायचं प्रमाणपत्र फुकट मिळू लागलं. २०१८मध्ये टीएलएस १.३ आलं. श्रेय एकट्या या सहा पानांचं नव्हे, पण आज फोनवरची बहुतेक पानं कुलूपबंद येतात, तो काळ या भाषेत घडला.

तरी दोन जागी मजकूर ढिला पडतो. सगळंच कूटबद्ध केलं तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना बिघाड शोधणं अवघड जातं. हा पेच लेखक मान्य करतात, आणि पुढे म्हणतात की योग्य तोल काळाच्या ओघात साधला जाईल. साधणार कोण? वाक्याला कर्ताच नाही. इतका नेमका मजकूर नेमका इथेच सरकारी परिपत्रकासारखा बोलू लागतो.

दुसरी जागा जास्त बोचते, आणि ती व्याख्येतच आहे: ‘संमतीशिवाय’. कंपन्यांची खासगीपणाला मारक, तरीही कायदेशीर पाळत लेखकांना ठाऊक आहे, तिचा उल्लेखही ते करतात. पण तुमचा डेटा वाटेत कुणी चोरून पाहिला तर तो हल्ला, आणि मुक्कामाला पोचल्यावर तिथल्या मालकानं तोच चाळला, तर? ॲप टाकताना तुम्ही ‘सहमत’वर बोट ठेवलेलं असतं. चाळीस पानी अटी न वाचता, रिक्षात बसल्या बसल्या दिलेल्या त्या होकाराला संमती म्हणायचं का, याबद्दल सहा पानांत एक ओळ नाही.