कंदील आणि कीर्दखतावणी

'प्रकाशवाटा' (2009) वाचलेल्या कुणालाही हेमलकशाविषयी विचारावे. कंदिलाच्या उजेडातले उपचार आठवतात, बिबटे आठवतात, डॉ. प्रकाश आमटे यांची बनियन-अर्धी चड्डी तर आठवतेच. स्वित्झर्लंड कुणाला आठवत नाही. वास्तविक बाबा आमटे यांनी 1973 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या अफाट सिरोंचा तालुक्यात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे तिथे लहानसे रुग्णालय उभे राहिले, त्याला आधार होता स्विसएड या स्विस संस्थेच्या पैशाचा. हीच संस्था नायजर आणि चाडमधल्या शेतकऱ्यांबरोबरही काम करते.

हा विसर वाचकांचा, तसाच समीक्षेचाही. सेवाकार्याच्या आत्मकथनांना आपण संतचरित्राच्या पंक्तीत बसवले. तिथे त्याग शोभतो, हालअपेष्टा शोभतात. कीर्दखतावणी निघाली की रसभंग होतो. (मीही ही पुस्तके अनेक वर्षे अशीच वाचली.) पण पैसा कुणाचा आणि काय करायचे हे ठरवले कुणी, हा या लेखनाच्या आशयातलाच प्रश्न आहे.

गडचिरोलीतच त्याचे एक उत्तर सापडते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांवर घरी उपचार केले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. पैसा फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांचा. प्रश्न मात्र गावातला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली, ती आफ्रिकेतल्या खेड्यांनाही लागू होती.

त्याच वर्षी दांबिसा मोयो यांचे 'डेड एड' आले. मदतीने आफ्रिकेचे नुकसान केले, हा त्यांचा दावा आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांवर सर्रास फेकला जातो. त्यांचा रोख सरकारांना मिळणाऱ्या मदतीवर आहे; धर्मादाय देणग्या आपण बाजूला ठेवल्याचे त्या सुरुवातीलाच सांगतात. लहान प्रकल्पांचा हिशेब तिथे मांडलेलाच नाही.

तो आपल्याला मांडावा लागेल, कारण नियम बदलले आहेत. परकीय योगदान कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीला देणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. परदेशी पैशावर देखरेख असावी, याबद्दल वाद नाही. पण मोठ्या संस्थेने परवाना सांभाळायचा आणि आडगावच्या मंडळाने तिच्याकडून थोडी रक्कम घेऊन काम करायचे, ही वाटच मिटली. कार्यकर्तीचा पगार 'प्रशासकीय' धरायचा की 'कामाचा', यावर आता प्रकल्प तगतो किंवा बंद पडतो. एकाही आत्मकथनाच्या परीक्षणात मला या दुरुस्तीचा उल्लेख दिसलेला नाही.

सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर. तिथल्या एखाद्या महिला मंडळाला आज परदेशातून दहा हजार रुपये घ्यायचे झाले, तर आधी दिल्लीची मंजुरी हवी, आणि खाते उघडायचे नवी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत.